केनेडी हत्येचा मुद्देमाल, मोफत आणि घरबसल्या: वादसभेसाठी कितपत कामाचा?

जॉन केनेडी यांच्या हत्येची कागदपत्रे, साक्षी आणि पुराव्याच्या वस्तूंची छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाला किंवा वाचनालयाच्या अभ्यासमंडळाला 'राजकीय हत्येतला वादग्रस्त भौतिक पुरावा' हा विषय वादसभेला घ्यायचा असेल, तर याहून मोठे भांडार दुसरे नाही. पण भांडार मोठे आहे म्हणून वाद चांगला होतोच असे नाही. आमचे मत आधीच सांगतो: वस्तू पाहायला ही सेवा उत्तम, ती वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली हे शोधायला किचकट, आणि मृतदेहाच्या पुराव्याबाबत दार अर्धेच उघडे. गंमत अशी, की वाद जिंकणे-हरणे बहुतेक वेळा या मधल्या, किचकट भागावर ठरते.

आधी काय उतरवून घ्यायचे ते पाहू. अभिलेखागाराच्या केनेडी विभागात हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा सप्टेंबर १९६४ चा अहवाल आणि प्रतिनिधिगृहाच्या हत्या-चौकशी समितीचा १९७९ चा अहवाल पडद्यावर सरळ वाचता येतो. नवखे लोक इथेच थांबतात आणि वादसभेत आपटतात. अहवाल म्हणजे निष्कर्ष. साक्ष आणि वस्तू आहेत त्या आयोगाच्या २६ खंडांत. हे खंड अमेरिकी सरकारच्या प्रकाशन कार्यालयाच्या गव्हइन्फो या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. पहिल्या पंधरा खंडांत साक्षी, सोळा ते सव्वीसमध्ये दस्तऐवज आणि वस्तू. पंधराव्या खंडाच्या शेवटी नावांची आणि वस्तूंची सूची आहे, पण विषयवार सूची नाही. त्यामुळे 'गोळी' किंवा 'स्ट्रेचर' असा विषय धरून शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. वस्तूचा क्रमांक ठाऊक हवा.

सगळे सव्वीस खंड उतरवायच्या भानगडीत पडू नका. एका वादसभेला पाच पुरतात: खंड ३ (एफबीआयचे शस्त्रतज्ज्ञ रॉबर्ट फ्रेझर यांची साक्ष), खंड ६ (जखमींना नेले त्या पार्कलँड रुग्णालयातले कर्मचारी डॅरेल टॉमलिन्सन यांची साक्ष), खंड १७ (गोळीचे छायाचित्र), खंड १८ आणि खंड २४. जोडीला १९७९ च्या समितीचा सातवा खंड घ्या. त्यात शवचिकित्सकांच्या आणि शस्त्रतज्ज्ञांच्या मंडळांचे अहवाल आहेत. समितीचे खंड मेरी फेरेल फाउंडेशनच्या संकेतस्थळावर वाचता येतात. पाने स्कॅन केलेली असल्याने फाइली जड असतात. संगमेश्वर-लांज्याकडे वाडीवर बसून मोबाइलच्या नेटवर उतरवत बसलात तर मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कार्यक्रम श्रावणात असेल तर सगळे मे महिन्यातच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावे. जूननंतर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा कोकणात कोणी कोणाला देत नाही.

शोधयंत्राबद्दल थोडे वाईट बोलावेच लागेल. हत्येचे कागद खुले करण्याच्या १९९२ च्या कायद्यानंतर जमवलेल्या संग्रहात पन्नास लाखांहून जास्त पाने आहेत आणि प्रत्येक दस्तऐवजाला तीन भागांचा क्रमांक आहे: आधी तीन अंक, मग पाच, मग पुन्हा पाच. पहिले तीन अंक कागद कोणत्या कार्यालयाचा ते सांगतात. १०४ म्हणजे सीआयए, १२४ म्हणजे एफबीआय, १८० म्हणजे हत्या-चौकशी समिती. हा क्रमांक टाकला तर कागद पटकन सापडतो. शब्द टाकला तर नशीब! टंकलेखनाच्या कार्बन प्रतीवरून यंत्राने वाचलेला मजकूर इतका मोडका असतो की साधे आडनावही तीन प्रकारे उमटते. मार्च २०२५ मध्ये नव्याने हजारो पाने खुली झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी बराच गाजावाजा केला. त्यातला मोठा भाग गुप्तचर खात्यांचा व्यवहार आहे. गोळी, बंदूक, कपडे यांच्या वादाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय त्या पानांत हयात माणसांची खासगी माहितीही न झाकता गेली आहे, म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटू नयेत.

आता मुख्य वस्तू: सीई ३९९, म्हणजे आयोगाची ३९९ क्रमांकाची वस्तू. रुग्णालयात स्ट्रेचरवर सापडलेली, तांब्याच्या वेष्टनाची ६.५ मिलिमीटरची गोळी. आयोगाच्या मते हीच गोळी केनेडींच्या पाठीतून गळ्याबाहेर आली आणि पुढे बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली यांच्या छातीतून, मनगटातून जाऊन मांडीत घुसली. सतराव्या खंडात पान ४९ वर तिचे छायाचित्र आहे आणि ते छायाचित्रच निम्म्या गैरसमजांचे मूळ आहे. कृष्णधवल, लहान, आणि बाजूने घेतलेले. बाजूने ही गोळी कोरी दिसते. बुडाकडून पाहिली तर चेपलेली आहे, आणि बुडातून शिसे थोडे बाहेर आले आहे. फक्त बाजूचे चित्र दाखवून "ही गोळी दोन माणसांतून गेलीच कशी?" असे विचारणारा वक्ता आला, तर अध्यक्षांनी त्याला बुडाचे चित्र दाखवायला लावावे. नाही दाखवले तर गुण कापावेत.

वजनाचा मुद्दा असाच आकड्यांत मांडावा. सीई ३९९ चे वजन १५८.६ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.२८ ग्रॅम. त्याच बनावटीच्या न झाडलेल्या तीन गोळ्यांचे वजन फ्रेझर यांनी १६०.८५, १६१.१ आणि १६१.५ ग्रेन असे सांगितले. म्हणजे घट सव्वादोन ते तीन ग्रेनच्या आत. सोनाराच्या काट्यावर जेमतेम सव्वा ते दीड गुंज. कॉनली यांच्या मनगटात आणि मांडीत राहिलेले कण या घटीत बसतात का, एवढाच खरा प्रश्न आहे. मूळ वजन माहीत नसल्यामुळे त्याचे उत्तर एका आकड्यात येत नाही, मर्यादेत येते. "गोळीचे वजन कमीच झाले नाही" हे वाक्य चूक आणि "बरेच कमी झाले" हेही चूक.

यापुढे पुष्कळ वक्ते घसरतात. गोळीवरच्या ओरखड्यांवरून ती हत्येचा आरोपी ऑस्वाल्ड याची म्हणून धरलेल्या सी २७६६ क्रमांकाच्या कारकानो रायफलीतून सुटली हे एफबीआयने सांगितले आणि १९७९ च्या मंडळानेही मान्य केले. पण गोळी त्या बंदुकीची आहे एवढ्यावरून ती कॉनली यांच्या मांडीतून पडली असे सिद्ध होत नाही. दोन वेगळे मुद्दे आहेत: पहिला शास्त्राचा, दुसरा मुद्देमाल सांभाळण्याचा. आपल्याकडे पोलीस ठाण्यात वस्तू पंचांसमोर जप्त होते, लाखेची मोहोर लागते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटते, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक पडतो आणि प्रयोगशाळेची पोच येते. हत्या झाली त्या डॅलस शहरात त्या दुपारी यातले काय झाले? टॉमलिन्सन यांना गोळी सापडली. त्यांनी ती रुग्णालयाचे सुरक्षाप्रमुख राइट यांना दिली. राइट यांनी सीक्रेट सर्व्हिसचे जॉन्सन यांना. जॉन्सन यांनी वॉशिंग्टनला नेऊन आपले प्रमुख राउली यांना. राउली यांनी एफबीआयचे टॉड यांना. टॉड यांनी प्रयोगशाळेत फ्रेझर यांना. जॉन्सन यांची चिठ्ठी अठराव्या खंडात सीई १०२४ मध्ये आहे. ती मूळ स्वरूपात सगळ्यांसमोर ठेवा. एवढ्या मोठ्या खटल्याच्या एवढ्या मोठ्या वस्तूची पोच किती त्रोटक असू शकते, ते तिथे दिसते.

आणि मग चोविसाव्या खंडातले सीई २०११. पाने ४११ आणि ४१२. आमच्या मते संपूर्ण संग्रहातली वादसभेला सर्वांत उपयोगी हीच दोन पाने. १९६४ च्या उन्हाळ्यात एफबीआयने ही गोळी घेऊन साखळीतल्या माणसांना विचारले, ओळखता का? टॉमलिन्सन आणि राइट यांना खात्रीने ओळखता आली नाही. जॉन्सन यांना नाही. राउली यांनाही नाही. टॉड यांनी आपली आद्याक्षरे पाहून ओळखली, असे कागद सांगतो. ती आद्याक्षरे गोळीवर दिसतच नाहीत, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतला. इथे दोन्ही पक्षांना लगाम हवा. "ओळखता आली नाही" याचा अर्थ "ही ती गोळी नव्हे" असा होत नाही. आणि प्रयोगशाळेने बंदूक जुळवली म्हणून साखळीतली गळती आपोआप बुजत नाही. मुळात गोळी नेमकी कोणाच्या स्ट्रेचरवर होती, यावरही टॉमलिन्सन साक्षीत ठाम नाहीत. सहावा खंड काढून त्यांची उत्तरे ओळीने वाचावीत. ऑस्वाल्डचा २४ नोव्हेंबर १९६३ ला खून झाला, खटला उभाच राहिला नाही, म्हणून या साखळीची उलटतपासणी कोणत्याही न्यायालयात झालेली नाही. ती उलटतपासणी घेणे हेच वादसभेचे काम.

छायाचित्रांची उणीव भरून काढायला २०१९ मध्ये एक चांगले काम झाले. अमेरिकेच्या मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, या गोळ्यांचे त्रिमितीय मोजमाप केले. सीई ३९९, डोक्याला लागलेल्या गोळीचे गाडीत सापडलेले दोन तुकडे, रायफलीतून चाचणीसाठी झाडलेल्या दोन गोळ्या, आणि हत्येच्याच वर्षी, एप्रिल १९६३ मध्ये, जनरल वॉकर यांच्यावर झाडलेली गोळी. सूक्ष्मदर्शकाने वेगवेगळ्या उंचीवर फोकस करून प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येकीतला स्पष्ट भाग उचलायचा आणि त्यातून पृष्ठभागाचा नकाशा बांधायचा, अशी ही पद्धत. अभिलेखागारासाठीच केलेले काम. कोण दोषी यावर संस्थेने काहीही मत दिलेले नाही, आणि तेच बरे. चाचणीच्या गोळ्या सोबत घेतल्या हे फार शहाणपणाचे. कारण १९७० च्या दशकात समितीच्या तज्ज्ञांनी त्याच रायफलीतून नव्याने गोळ्या झाडल्या तेव्हा त्या जुन्या गोळ्यांशी जुळल्या नाहीत; नळी मधल्या काळात बदलली होती. एफबीआयने १९६३ मध्ये झाडलेल्या गोळ्यांशी मात्र जुळणी झाली. "पुन्हा झाडून बघा की!" असे सभेत कोणीतरी म्हणतेच, त्याला हे उत्तर.

महाविद्यालयात थ्रीडी प्रिंटर असेल तर गोळीचा नमुना छापून हातोहात फिरवता येतो, पण मूळ आकारात छापू नका. तीन सेंटिमीटर लांबीच्या वस्तूवरचे ओरखडे साध्या ०.४ मिलिमीटरच्या नॉझलला उमटत नाहीत. गुळगुळीत कांडी हाती येते आणि मग "बघा, कोरीच आहे" असा नवा गैरसमज. चार-पाचपट मोठा करा, बूड वरच्या बाजूला ठेवून छापा, आणि खाली पट 'पाचपट' असे ठळक लिहा.

शिशाच्या रासायनिक तपासणीवर एखादा वक्ता भर देईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस समितीसाठी व्हिन्सेंट गिन यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने अँटिमनीचे प्रमाण मोजले: स्ट्रेचरवरच्या गोळीत दशलक्षात ८३३ भाग, मनगटातल्या कणांत ७९७. जवळ आहेत, म्हणून दोन्ही एकाच गोळीचे, असा युक्तिवाद. तो त्या वेळी वजनदार वाटला. पण त्यांच्याच चाचण्यांत याच बनावटीच्या एका गोळीचे चार भाग तपासले तेव्हा ३५८ पासून ९८३ पर्यंत आकडे आले होते. एका गोळीच्या आतच इतका फरक पडत असेल तर ८३३ आणि ७९७ च्या जवळिकीला किती महत्त्व द्यायचे? २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने शिशाच्या अशा तुलनेच्या मर्यादा दाखवल्या आणि २००५ मध्ये एफबीआयने ही तपासणी बंदच केली. आज जो वक्ता गिन यांचा आकडा बचावाशिवाय मांडतो, त्याने पन्नास वर्षांपूर्वीचे टिपण वाचले आहे असे समजावे. उलट पक्षानेही उड्या मारू नयेत: तपासणी बाद झाली म्हणून 'एक गोळी' सिद्धांत बाद होत नाही, त्याचा एक टेकू गेला इतकेच.

कागदी पिशवीचा प्रयोग कोणत्याही वाचनालयात करता येतो. ऑस्वाल्डने रायफल ज्या पिशवीतून आणली असे आयोग म्हणतो ती ३८ इंच लांब. रायफल सुटी केल्यावर सर्वांत लांब भाग म्हणजे लाकडी दस्ता, ३४.८ इंच, सुमारे ८८ सेंटिमीटर. त्या सकाळी पुडके पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी लांबी सुमारे २७-२८ इंच दाखवली, आणि त्यातल्या एकाने ते तळहातावर धरून वरचे टोक काखेत होते असे सांगितले. सुताराकडून ८८ सेंटिमीटरची पट्टी आणा, खाकी कागदात गुंडाळा आणि वेगवेगळ्या उंचीच्या तिघा-चौघांना तसे धरून चालायला लावा. पट्टी काखेत बसत नाही हे लगेच कळते. मात्र त्यावरून दोनच गोष्टी निघू शकतात: साक्षीदारांचा अंदाज चुकला, किंवा पुडक्यात रायफल नव्हती. प्रयोग त्यांतली एक निवडून देत नाही. मागून, काही अंतरावरून पाहणाऱ्याला लांबीचा अंदाज काय येतो हेही त्याच वेळी लिहून घ्या. पाहणाऱ्यांना आधी आकडा सांगू नका, नाहीतर प्रयोग वाया.

अंतरांसाठी भाट्ये किंवा गणपतीपुळ्यासारखा लांब किनारा ओहोटीला फार सोयीचा. ऑस्वाल्डने जिथून गोळ्या झाडल्या असे आयोग म्हणतो त्या खिडकीपासून पाठीत गोळी लागली त्या जागेपर्यंत सुमारे ५४ ते ५८ मीटर, डोक्याला लागली तिथपर्यंत सुमारे ८१ मीटर. दोरी मोजून काठ्या रोवा. वेळेसाठी, हत्येचा क्षण टिपणाऱ्या झॅप्रुडर यांच्या फिल्मचा वेग सेकंदाला १८.३ चौकटी धरतात. २१० ते २२५ या चौकटींच्या दरम्यान पहिला आघात आणि ३१३ व्या चौकटीला डोक्याचा. भागाकार केला की ४.८ ते ५.६ सेकंद येतात. रायफलीचा खटका ओढून पुन्हा झाडायला किमान २.३ सेकंद, म्हणजे ४२ चौकटी. हे आकडे पाठ नसलेला वक्ता फिल्मवर बोलायला उभा राहू नये. आणि गोळीचा 'नागमोडी' मार्ग दाखवणारा तो प्रसिद्ध आराखडा कोणी फळ्यावर काढला तर एकच विचारावे: कॉनली यांची घडीची खुर्ची केनेडींच्या आसनापेक्षा आतल्या बाजूला आणि खाली होती, ती तुमच्या चित्रात कुठे आहे?

ध्वनीच्या पुराव्यावर फार वेळ घालवू नका. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेच्या ध्वनिमुद्रणावरून १९७९ च्या समितीने चौथा बार झाल्याची ९५ टक्के शक्यता सांगितली. त्यानंतर ओहायोतल्या एका ड्रमवादकाने मासिकासोबत आलेली तबकडी पुन्हापुन्हा ऐकून त्यात दुसऱ्या वाहिनीवरचे शेरीफचे वाक्य हेरले. ते वाक्य हत्येनंतर सुमारे मिनिटभराने उच्चारलेले होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने त्याआधारे निष्कर्ष फेटाळला. त्यावर प्रतिवाद झालेले आहेत, पण ते ऐकून समजायला सभागृहाची ध्वनियंत्रणा आणि श्रोत्यांचे कान दोन्ही लागतात.

शवविच्छेदनाच्या बाबतीत सेवा तोकडी पडते, आणि तो दोष संकेतस्थळाचा नाही. शवविच्छेदनाची छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे आणि केनेडींचे कपडे कुटुंबाच्या १९६६ च्या दानपत्राच्या अटींखाली आहेत; पाहण्याची परवानगी मोजक्या तज्ज्ञांनाच मिळते. आपल्याला मिळतात ती समितीसाठी छायाचित्रांवरून काढलेली रेखाचित्रे. इंटरनेटवर फिरणारी 'मूळ' छायाचित्रे सभेत दाखवू नयेत. ती कुठून आली हे सांगता येत नाही, म्हणजे मुद्देमालाचा जो नियम आपण समोरच्याला लावतो तो स्वतःच मोडतो. कोटाच्या छिद्राचे मोजमाप मात्र छापील आहे, कॉलरच्या वरच्या कडेपासून ५ पूर्णांक ३/८ इंच खाली. ते शवविच्छेदनात नोंदवलेल्या जखमेपेक्षा खाली येते. कोट हात वर केल्यावर सरकला होता का, हा वाद छिद्राच्या आकड्यावर सुटत नाही, पण आकडा हाताशी असला की निदान गप्पा थांबतात. शवविच्छेदन करणारे डॉ. ह्यूम्स यांनी आपली टिपणे जाळली, हेही त्यांच्याच साक्षीत आहे.

रत्नागिरीत हा विषय निघाला की चर्चा गांधीहत्येकडे वळतेच, आणि वळू द्यावी, फक्त तयारीने. ३० जानेवारी १९४८. ६०६८२४ क्रमांकाचे बेरेट्टा पिस्तूल. न्यायालयाने धरलेल्या तीन गोळ्या. चौथ्या गोळीचा आणि दुसऱ्या मारेकऱ्याचा दावा घेऊन केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली. दोन्ही प्रकरणांची तुलना करायची तर मोठा फरक लक्षात ठेवा: डॅलसच्या प्रकरणात शवविच्छेदन झाले पण आरोपीचा खटला नाही, दिल्लीच्या प्रकरणात खटला पूर्ण चालला, पण मृतदेहाचे पूर्ण शवविच्छेदन झालेच नाही. त्यामुळे एकीकडे साखळी कोणी तपासली नाही, तर दुसरीकडे जखमांचा वाद वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर आणि छायाचित्रांवर चालतो. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९, म्हणजे तज्ज्ञांचे मत, आणि कलम ६३, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदी, ही दोन्ही इथे लावून बघायला सांगा. निस्टचे त्रिमितीय प्रतिरूप कलम ६३ खाली आणायचे तर प्रमाणपत्र कोण देणार, या एका प्रश्नावरच अर्धा तास सहज जातो.

वेळेची वाटणी दीड तासाची असेल तर पहिली पस्तीस मिनिटे फक्त सीई ३९९ च्या साखळीला द्या, वीस मिनिटे वजन-ओरखडे-शिसे यांना, पंधरा पिशवीला, उरलेली वीस प्रश्नोत्तरांना. फिल्म शेवटी दाखवा. आधी दाखवलीत की श्रोते त्या एका चौकटीत अडकतात आणि चोविसाव्या खंडातली ती दोन पाने कोणी हातातही धरत नाही.